पाळी

या महिन्यात पाळी माझी.
दुसरी केव्हाच थांबली,
ही मात्र दर सहा महिन्यांनी न चुकता येते:
सहाजणींची कार्डं ब्लँकेटच्या आत छातीशी बांधायची,
मोठी पिन लावायची,
डोंगर उतरायचा,
आणि सहाजणींच्या गोळ्या घेऊन
अंधाराआधी वर यायचं.

काल रात्री बर्फ पडलं.
मात्सेलिसोनं घोडी दिली.
नवऱ्याला म्हणाली, मीठ संपलंय.
तो म्हणाला, मागच्या महिन्यातही मीठच संपलं होतं.
ती म्हणाली, या गावाला मीठ फार लागतं.

मासेरूची गाडी वेळेवर आली होती.
नर्स एकेक कार्ड उघडते.
दिकेलेदीचं वजन?
वाढलं. आमच्यापैकी कुणाच्या तरी चुलीवरचा
मक्याचा घाटा रोज तिच्याकडे जातो.
तिच्या नावाचा अर्थ आसवं,
पण हल्ली ती पैजा लावून हसते.

न्तेबालेंग? तिनं मध्ये सोडल्या होत्या ना?
सोडल्या होत्या. कंटाळा आला म्हणाली.
कुणी तिला समजवायला गेलं नाही.
पुलेंग आपलं अंथरूण घेऊन तिच्याकडे गेली, एवढंच.
रेडिओवर आठच्या बातम्या लागल्या
की आधी स्वतःची गोळी गिळायची
आणि भिंतीकडे तोंड करून झोपायची.
अकरा रात्री.
बाराव्या रात्री न्तेबालेंगनं स्वतःच पाणी मागितलं.
नर्सनं यातलं काही लिहिलं नाही.
कार्डावर तेवढी जागा नसते.

परतताना खिंडीत घोडी थांबवते.
बाटल्या वाजतात,
आणि हा आवाज आता साऱ्या मुलखाला ओळखू येतो.
बोकडांची लोकर कातरताना खिशात ठेवलेली,
तिचे बोळे करून एकेका बाटलीत कोंबते.
मात्सेलिसो गप्प. दिकेलेदी गप्प.
न्तेबालेंग, पुलेंग. मग मी.
माझा नवरा जोहान्सबर्गच्या खाणीतून
शेवटचा घरी आला तेव्हा
त्यानंही असंच काहीतरी आणलं होतं, न वाजणारं.
त्याच्यावर रागावून झालं.
त्याला पुरलं त्या दिवशीही थोडं रागावले.

केनेउवेच्या बाटलीशी हात थांबतो.
माझ्या बाटलीत बोळा नको, ती म्हणाली होती,
पोरगं त्या आवाजाला हसतं.
अठरा महिन्यांचं झालं,
शेवटची तपासणीही स्वच्छ निघाली,
आता त्याला खुळखुळा म्हणून हीच बाटली हवी असते.
राहू दे म्हटलं. एक तर वाजू दे.

गावाच्या तोंडाशी, मेंढवाड्याच्या दगडी भिंतीजवळ
मात्सेलिसोचा नवरा उभा.
घोडीनं मान झटकली,
झोळीत खुळ्ळ झालं.

काय वाजतंय?
मीठ, मी म्हटलं. जाडं आहे.

तो बराच वेळ झोळीकडे बघत राहिला.
मग लगाम हातात घेतला,
स्वतः पुढे होऊन बर्फ तुडवत वाट करू लागला.
जपून, म्हणाला,
ओलं होऊ देऊ नका.