रकाना रिकामा चालेल

रामबागेतल्या बंद पडलेल्या सूतिकागृहाची
एकोणीसशे अठ्ठावन्नची वही.
टेंबेकाका वाचतात, मी टाइप करते.
कंपाउंडर होते ते इथे. मोतीबिंदू उतरलाय,
तरी सिस्टर निमगावकरांचं अक्षर
अंधारातही ओळखतील.

"आई कावेरी. मुलगा. पहाटे चार वीस.
सहा पौंड. फी बाकी."
फीचा रकाना मी ठेवलेला नाही.
"ठेव गं. तीच तर खरी नोंद."

आधी एकेक ओळ पाठवत होते.
दर बाळाला वेगळी खेप,
दार उघड, नाव सांग, दार लाव,
आणि सर्व्हर कुठेतरी लांब, नेट रडतं.
काका खाली जाऊन कटिंग पिऊन आले
तरी स्क्रीनवर फेब्रुवारीच.

मग पीएचपीत एक लूप फिरवला,
सगळ्यांची एकच मोट बांधली:
कंस, स्वल्पविराम, कंस, स्वल्पविराम.
शेवटच्या बाळानंतर मात्र स्वल्पविराम नको.
राहिला तर यंत्र अडून बसतं, पुढे कोण?
पुढे कोणी नाही बाबा,
डिसेंबर संपला.

एंटर.

चारशे बाराच्या चारशे बारा परत.
एकही आत घेतलं नाही.
ओळ दोनशे सदुसष्ट: आईचं नाव रिकामं चालणार नाही.

वही उघडली. नावाच्या जागी सिस्टरांची
एक आडवी रेघ, शाई जरा दाबलेली.
पत्ता, रेघ.
मुलगी. रात्री अडीच. पाच पौंड.
फी जमा.

"कोणी भरली, काका?"
काका चष्मा पुसतात. पुसतच राहतात.

ट्रस्टच्या मुळ्ये साहेबांना फोन केला.
"अहो गाळा ती ओळ, चारशे अकरा काय कमी आहेत?
नाहीतर लिहा अज्ञात."
गाळायला लूपमध्ये एक अट पुरते,
अर्धी ओळसुद्धा नाही.
बोट कीबोर्डवर ठेवून बसले थोडा वेळ.
अज्ञात कशी? तिला तिचं नाव माहीत होतं.

मग तक्ताच बदलला.
आईचं नाव: रिकामं चालेल.
हात लागलाच होता, फीचाही रकाना घातला,
पुन्हा सगळी मोट बांधली.

चारशे बारा नोंदी जमा.
दोन सेकंदही नाही.

"पोचली का?" काका विचारतात.
पोचले सगळे, मी म्हणते.
"सगळ्यांचं नाही विचारलं,"
असं म्हणून
एकोणसाठची वही ओढतात.