मार्चचं उधाण, शून्य मीटर

आंकुदच्या बंदरावर, मच्छीमार संघटनेच्या कचेरीत
येर्मेन ओयार्सो रात्री दोनला टर्मिनल उघडतो.
संगणक बंद पडलेल्या शाळेकडून आलेला.
त्यावरची प्रणाली मुक्त, म्हणजे कुणाच्याच मालकीची नाही,
म्हणजे बिघडली की जो समोर बसलाय त्याची.

काल त्याने अपग्रेडला हो म्हटलं.
देश कोणता, असंही विचारलं होतं मध्येच;
त्याने छाती काढून चिली निवडलं.
सगळं सुरळीत. फक्त भरतीचं कोष्टक काढणारं पॅकेज,
अधिकृत भांडारात नसलेलं,
सहा वर्षांपूर्वी कुणा उर्पोकडून आणलेलं,
रुसलेल्या जावयासारखं उंबऱ्यावर अडून बसलं:
मला पाचवी लायब्ररी लागते. तुमच्याकडे सहावी आहे.

काढून पुन्हा बसवलं. तेच.
जबरदस्ती केली. प्रणालीने अदबीने विचारलं:
हे एक बसवायचं तर दोनशे चौदा काढावी लागतील,
त्यात हा पडदाही, ज्यावर तू हे वाचतो आहेस.
हो की नाही?
येर्मेनने अंगठ्याने नाक खाजवलं.
नाही.

चुलीत एक ओंडका.

साडेतीनला पाचवी सापडली, जुन्या पेन ड्राइव्हवर,
पुतणीच्या चर्चमधल्या फोटोंच्या गर्दीत.
सहावीच्या शेजारी तिला वेगळं फोल्डर थाटून दिलं,
एका दुव्याने जोडलं, आणि म्हणाला, भांडू नका गं.
चाललं!
प्रिंटरने घसा खाकरला.

एक मार्च, ओहोटी, ०,०० मीटर.
एक मार्च, भरती, ०,०० मीटर.
दोन मार्च, ओहोटी
आणि असंच एकतीसपर्यंत, परातीतल्या पाण्यासारखा समुद्र.
मार्चचं उधाण म्हणजे वर्षातलं सगळ्यात थोर.

दाराशी दोन्या उबेर्लिंदा चिग्वाय. गमबूट, कपाळाला दिवा,
दोन टोपल्या.
"कागद?"
"आज समुद्र हलणार नाही म्हणतोय."
तिने कागद दिव्याखाली धरला,
वाचला, घडी घातली, खिशात ठेवला.
"मग मी त्याला जाऊन सांगते."
आणि उतरली अंधारात.

तो ओळीओळीने मागे जातो,
हरवलेली किल्ली शोधत माणूस पुन्हा बाजारापर्यंत चालतो तसा.
चंद्र आहे. अंश आहेत. बंदराचे आकडे आहेत.
०.८७ म्हणते फाइल, मध्ये टिंब.
पण या देशात तिथे स्वल्पविराम देतात,
आणि कालपासून यंत्र या देशातलं झालंय:
शून्य वाचतं, टिंबापाशी येतं,
हे काय ते उमगत नाही, थांबतं.
ध चा मा करायलासुद्धा एक अख्खं अक्षर लागलं होतं.

फाइलच्या माथ्यावर उर्पोचं गाव: केमी, फिनलंड.
तिथेही स्वल्पविरामच की!
मग त्याला कसं दिसलं नाही?
येर्मेन नकाशावर बोट सरकवत नेतो, वर, आणखी वर,
बोथनियाच्या आखाताच्या शेवटच्या कोपऱ्यात,
जिथे भरती-ओहोटी असून नसल्यासारखी
आणि मार्चमध्ये तर वरून बर्फाचं झाकण.
उर्पोच्या खिडकीतून शून्य बरोबर होतं.

उधाण न पाहिलेला माणूस
रात्री जागून दुसऱ्यांच्या समुद्रांचं गणित मांडत बसला होता.

हुकुमाच्या आधी एकच शब्द:
या कामापुरता देश विसर.
सहा सत्तेचाळीस, ओहोटी, ०,१४.
घड्याळात सव्वाआठ.

दोन्या उबेर्लिंदा आली ती गुडघ्यापर्यंत चिखलात.
नवा कागद बघून म्हणाली, "सहा त्रेपन्नला होती,"
आणि शून्यांच्या ओल्या कागदात बांधलेल्या
मूठभर शिंपल्या टेबलावर ठेवल्या.

येर्मेन उर्पोला लिहायला बसतो.
पहिल्या ओळीत चूक सांगत नाही.
टोपलीत काय काय होतं ते लिहितो.