भेग

डॉक्टरनं आधी जीभ बघितली,
मग पापणी खाली ओढली.
आत हळदीचं पाणी.
पोटरी दाबली तशा महानंदाबाई कळवळल्या.
तो सहज विचारल्यासारखं म्हणाला,
"घरात उंदीर आहेत का?"

औशाच्या दवाखान्यात
आम्ही पाच माणसं पलंगाभोवती उभी,
एकालाही वाचा फुटेना.
भाऊजींनी टोपी काढली, परत घातली.
"नाही साहेब. आमचं घर तसलं नाही."

तसलं नाही.
मी रोज पहाटे ज्वारी पाखडते,
सुपाच्या टोकाला कारळासारख्या
काळ्या लेंड्या जमतात,
त्या पदराआड उकिरड्यावर नेऊन टाकते.
पाहुणे मुक्कामी असले
आणि माळवदात खुडबुड झाली
की मामंजी मोठ्यानं खोकतात.

भूकंपाच्या साली
देवळीखालून गेलेली भेग
दर दिवाळीला आम्ही लिंपतो,
संक्रांतीपर्यंत ती पुन्हा तोंड उघडते.
तिच्यातून येतात ते.
बळदात उतरतात,
सोयाबीनच्या थप्पीमागं पिलं घालतात,
झाकण नसलेल्या रांजणाच्या काठावरून
नवरदेवासारखे मिरवत जातात
आणि न्हाणीच्या ओलीत मुततात,
जिथं महानंदाबाई अनवाणी
अकरा माणसांची धुणी आपटतात.
त्यांच्या टाचांनाही भेगा.
मेण लावायचं रोज राहून जातं.

"नक्की नाहीत?" डॉक्टरनं पुन्हा विचारलं.
तेवढ्यात शिवकन्या, सहा वर्षांची,
फ्रॉकला नाक पुसत म्हणाली,
"आहेत की. एक तर माझ्या वाकळंवर चढतो.
त्याची मिशी गार लागते."

भाऊजींनी तिच्याकडं असं बघितलं
जशी तिनं घरातली चोरी चावडीवर नेली.
डॉक्टर मात्र भराभर लिहीत होता.
रक्ताची चिठ्ठी फाडून म्हणाला,
"हे आधी का नाही सांगितलं?
चार दिवस साध्या तापाच्या गोळ्या दिल्या तुम्ही."

रात्री सलाईन थेंब थेंब.
त्यांचे पाय माझ्या मांडीवर.
बारा वर्षं एका चुलीवर राबलो आम्ही,
टाचा मी आज बघितल्या.
भेगांत अजून न्हाणीतली माती.
वितीनं माप घेतलं:
एक वीत, वर दोन बोटं.
उद्या बाजारातून रबरी चप्पल,
रांजणाला झाकण,
आणि अर्धं पोतं सिमेंट,
भाऊजी काही का म्हणेनात.

पलंगाखाली काहीतरी खुडबुडलं.
शेजारच्या खाटेवरचा म्हातारा
मोठ्यानं खोकला.
मी नाही खोकले.
"सिस्टर," मी हाक मारली,
"इथं उंदीर आहे."