जुनी की नवी

दर जुलैत, रिटर्नची तारीख आठवड्यावर आली की
रणभिसे पाळक जिना चढून येतात.
मागून मार्थाबाई. छत्री गॅलरीत उलटी टेकवलेली.
काखेत गीतांचं जाडं पुस्तक, शिवण उसवलेलं,
पानापानांत पावत्या.

एकशे चौदाव्या गीतात आरोग्यविम्याचा हप्ता.
पेन्सिलीने खूण केलेल्या कडव्याशी पोस्टातलं पीपीएफ.
अंत्यविधीच्या गीतांत नेहमी औषधांची बिलं.
"तिथं शोधायला सोपं जातं," म्हणतात.
आणि शेवटच्या कोऱ्या पानात
त्यांच्या नगरकडच्या कुष्ठधामाची देणगी, गुलाबी कागदावर.

मी केळुसकर. वेंगुर्ल्याच्या बाजारात
जाळ्यांच्या दुकानावर माझं ऑफिस.
ट्रॉलरवाल्यांचं डिझेल, काजू फॅक्टरीची जीएसटी,
"आंबो हा रे तो, आंब्याक कर कसलो?"
असं दिवसभर ऐकून झाल्यावर
यांची फाइल म्हणजे ओहोटीची वाळू.
आहे तेवढं दिसतं.
हायस्कूलचं पेन्शन. मंडळीचं मानधन, अकरा हजार.
राहायला पाळकगृह. बस्स.

कायदा बदलला त्या वर्षी
मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला.
साहेब, नवी पद्धत. सात लाखांपर्यंत काही नाही.
पावत्याच नकोत.
"विम्याची?"
नको.
"पोस्टाची?"
कोणी विचारत नाही आता.
"कुष्ठधामाची?"
त्याला रकानाच काढून टाकलाय.

खाली कोणी तरी बर्फाची लादी फोडत होतं.
ते थोडा वेळ तेच ऐकत बसले.
मग म्हणाले,
"म्हणजे उजव्या हाताने दिलेलं
आता कुठे डाव्याला कळायचं नाही.
एकतीस वर्षं हा उतारा मंडळीला वाचून दाखवतोय
आणि दर जुलैत तुमच्याकडे येऊन मोडतोय."

मी हसलो. हसायला नको होतं.
कारण मला ठाऊक होतं,
हा माणूस साठवत होता तो सरकारच्या भीतीने.
भीती गेली, पोस्टात जाणं गेलं.
विम्याचे पैसे त्या वर्षी
बस्त्यावच्या होडीच्या इंजिनात गेले,
पुढल्या वर्षी कुणाच्या नर्सिंगच्या फीत.

मी रागावलो. म्हटलं, सूट सरकारने काढली, म्हातारपण नाही काढलं.
ते म्हणाले, आकाशातल्या पाखरांकडे बघा.
म्हटलं, साहेब, पाखरांना घरभाडं नसतं.

चष्मा ओला होईस्तोवर हसले.
बाकावरून मार्थाबाई,
ज्या माझ्याकडे कधी काही बोलल्या नव्हत्या:
"पाळकगृह सोडायची तारीख, केळुसकर,
ती तुमच्या या मशीनमध्ये कुठे भरतात?"

गेल्या मे महिन्यात नवे पाळक आले. तरुण, मोटारसायकलवाले.
हे दोघं उभादांड्याला,
डिकॉस्तांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत.
भाडं साडेतीन हजार.

यंदा पुस्तकात एकच पावती निघाली, पहिल्याच पानातून.
डिकॉस्तांचं तिरकं अक्षर,
एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट, त्यावरून ओढलेली सही.
"अडुसष्टाव्या वर्षी पहिलं घरभाडं," ते म्हणाले,
नातू दाखवावा तसं.
"याचं काही होतं का?"

नव्या पद्धतीत होत नाही.
जुनीत झालं असतं, तरी कर शून्यच, आणि शून्यातून काय वजा करणार?
मी म्हटलं, असू दे. ठेवू या.
पंच केली, फाइलला लावली,
सबमिट दाबलं.

त्यांनी फीचे पन्नास रुपये टेबलावर ठेवले.
उठले नाहीत.
म्हटलं, काय राहिलं?

"पावती," ते म्हणाले.
आणि एकशे चौदावं गीत उघडून बसले.