विनंती क्रमांक ४१७

चार दिवसांनी मेल आला, रात्री पावणेबाराला.
विषय : आपण मागितलेला लेख.
खाली दुवा, चौदा दिवस चालेल,
आणि एक नाव : र. तांडेल, ग्रंथालय, कालिना.

शिवडीच्या चिखलातली कालवं, १९६८.
पानं जराशी तिरकी,
शिवणीकडची अक्षरं काळोखात गेलेली,
भरतीला खडक जातात तशी.
समासात कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय : खोटं!
कोणी, कोण जाणे.
तो चिडलेला माणूसही स्कॅन होऊन आलाय.

दोनशे बाराव्या पानावर मात्र
पान काचेवर दाबून धरणारा अंगठा,
नखाभोवती चिकटपट्टी.
तक्ता तीनमधले दोन आकडे
नेमके त्याच्याखाली.

कळवायला हवं होतं.
पुन्हा पाठवला असता, निमूटपणे.
मी नाही कळवलं.

पुढच्या महिन्यात आणखी एक लेख मागवला,
खरं तर तो फारसा लागणार नव्हता.
अठरा पानं, सरळ, स्वच्छ.
शेवटच्याच्या कडेला तेवढं
अंगठ्याचं टोक.
पट्टी नव्हती.

बरं वाटलं.
तक्ता तीनमध्ये माझ्याकडे अजून
दोन चौकटी रिकाम्या आहेत.