फॉर्ममागे साठ रुपये

बाबांनी वहीत माझं एक पान उघडलंय.
वर ठसठशीत अक्षरांत: चि. हर्षदा, शिक्षण खाते.
क्लॉथ मार्केटात एकतीस वर्षं दुसऱ्यांचे ठोक भाव लिहून
त्यांचा हात असा बसलाय
की घरच्या दुधाचा हिशेबही थानांत मोजल्यासारखा दिसतो.

नावे:
एम.ए. समाजशास्त्र, चार सेमिस्टरची फी, अडतीस हजार पाचशे.
खंडवा रोडच्या सिटी बसचा पास, आठ हजार चारशे.
झेरॉक्स (पुस्तकं नव्हेत, झेरॉक्स) सहा हजार दोनशे पंधरा.
जुना लॅपटॉप, एकोणीस हजार.
त्यावर 'ळ' उमटत नाही.
प्रबंध हिंदीत होता, अडलं नाही.
प्रबंधाच्या चार प्रती, सोनेरी अक्षरं, अठराशे.

मग एक ओळ सोडून, बारीक अक्षरात:
शेठजी बिलिंगला घेत होते, महिना नऊ हजार,
चोवीस महिने, दोन लाख सोळा हजार.

जे आलेच नाहीत तेही त्यांनी माझ्या नावे टाकले.
बी.ए.ला मी 'संधी खर्च' पाच मार्कांसाठी घोकला होता.
बाबा मॅट्रिक.

एकूण दोन लाख एकोणनव्वद हजार नऊशे पंधरा.
समोरचं जमेचं पान कोरं.

राजेंद्रनगरची आत्या आली की
निरंजनचं पॅकेज आमच्या चहात विरघळवते.
"आणि हिचं ते समाजशास्त्र म्हणजे नक्की काय गं?"
सर्व्हे करते, म्हटलं.
"जनगणनेसारखं?"
हो, तसंच.
इतकं सोपं खोटं मला कुठल्याच पेपरात लिहिता आलं नव्हतं.

फॉर्ममागे साठ रुपये. दिवसाला अकरा, फार तर बारा.
चाळीस दिवसांचं काम, मग पुन्हा फोनची वाट.
परवा बाणगंगेत गेंदाबाईकडे बसले होते.
काळ्या बोटांनी ती अगरबत्ती वळत होती,
उत्तर देताना हात थांबत नव्हते.
चौदावा प्रश्न, मासिक उत्पन्न.
"हज़ार बत्ती के तेरह," ती म्हणाली. "महीना तुम जोड़ लो, पढ़ी-लिखी हो."
मी जोडलं.
मग तिने विचारलं, "और तुम्हारा?"
एक फॉर्म के साठ.
ती क्षणभर थांबली. पहिल्यांदाच हात थांबले.
"बातें तो मेरी हैं," ती म्हणाली, "फिर मेरे कितने?"

या उत्तराला फॉर्मात रकाना नव्हता.
'अन्य' असा एक होता, तोही दीड इंचाचा.
मी पाणी मागितलं. तिने दिलं.
सही घेतली, म्हणजे अंगठा,
आणि पुढच्या घराची कडी वाजवली.

रात्री जेवताना बाबांना सांगितलं.
ते काही बोलले नाहीत. ताकात मीठ दोनदा घातलं.

आज दुकानातून आले ते खिशातून एक चलान काढत.
पाठीमागे, त्याच ठसठशीत अक्षरांत:
रेमसिंग, मूळ अलीराजपूर.
गाठीमागे सात रुपये. गाठ ऐंशी किलो.
सहा वर्षांपूर्वी सहा.
मुलगी एक, नववीत, गावी.
खाली रेघ मारून जागा सोडलेली,
बेरीज करायची असावी आणि कशाची ते कळलं नसावं.

"विचारलं सहज," म्हणाले. चपला नीट लावत राहिले.
"गोदाम दुसऱ्या मजल्यावर आहे.
जिना धरायचा का गं यात?"

धरायचा, म्हटलं.
"कसा?"

मी वही मागितली.
त्यांनी चष्मा पुसला आणि शेजारी बसले.
दोन सेमिस्टर शिकलेली संशोधन पद्धती
मला त्या क्षणी एकही ओळ आठवेना.
किती पायऱ्या आहेत, एवढंच विचारलं.
"मोजल्या नाहीत कधी," बाबा म्हणाले.
"उद्या मोजतो."