बाद

एप्रिलअखेर कारूच्या पठारावर
दहिवर पडायच्या आत दुर्बीण मांडावी लागते.
तिचं बूड पवनपंपाच्या जुन्या गिअरपेटीचं.
तीस वर्षं तेच दुरुस्त करत आलो,
पाणी वर काढणारी चाकं
आता आकाशाच्या मागे मागे फिरतात
तासाला पंधरा अंश, कुरकुर न करता.
(बहुतेक वेळा.)

इथे दक्षिणेला ध्रुवतारा नाही.
अढळपद कुणाला दिलेलंच नाही आमच्याकडे.
चार फिकट ताऱ्यांच्या अंदाजाने
रिकाम्या जागेवर नेम धरायचा
आणि तिलाच म्हणायचं, तू हलू नकोस.

हस्त नक्षत्राच्या कडेला
दोन दीर्घिका एकमेकींत घुसल्या आहेत.
नाकतोड्याच्या मिशांसारखे
दोन लांब फाटे मागे फेकलेत त्यांनी.
तिथून हा उजेड निघाला तेव्हा
या दगडांवर माणूस तर नाहीच,
मेंढीसुद्धा नव्हती.

पहिली रात्र वाया.
वेपनरांच्या मेंढवाड्यावरचा दिवा
पांढराफटक, मिशा पार पुसून टाकणारा.
भारनियमनाची वाट पाहिली;
एरवी रोज जाणारी वीज
हवी तेव्हा कशी जाईल?

सकाळी टोपी हातात घेऊन गेलो.
लेनीमावशी दारातच उभी.
"दिवा मेंढ्यांसाठी नाही," म्हणाली,
"मेंढ्या मार्चातच विकल्या."
पुढे बोलली नाही. मीही विचारलं नाही.
रुआन निघून गेल्याला सहा वर्षं झाली
हे गावातल्या कुत्र्यांनाही माहीत आहे.
संध्याकाळी दिवा मात्र विझला.

रात्री ती आलीच, ब्लँकेट पांघरून,
किटलीभर रॉयबॉस घेऊन.
पडद्यावर राखेचा डाग.
"टक्कर म्हणतोस, मग लागलं कुणाला?"
कुणालाच नाही, मी म्हटलं,
तारे इतके विरळ की तारा ताऱ्याला घासत नाही,
फक्त धूळ आणि वायू एकमेकांवर चालून जातात
आणि दाटतात तिथे नवे तारे पेटतात.
ती बराच वेळ गप्प.
मग कप पालथा घालत म्हणाली,
"आमच्या घरात उलटं झालं.
जागा कमी होती."

तिसऱ्या रात्री, दोन वाजून दहा मिनिटांनी
टेकडीच्या वळणावरून मोटारीचे दिवे आले.
अंधाऱ्या घरावरून पुढे गेले,
थांबले,
मागे आले.
मी शिव्या घातल्या, पाच मिनिटांची फ्रेम गेली.
मग दार उघडल्याचा आवाज.
इथल्या शांततेत कडीसुद्धा लांबवर ऐकू येते.
मी शिव्या परत घेतल्या.

चौथ्या रात्री झाकण लावून नुसता काळोख टिपला,
कॅमेऱ्याची स्वतःची खरखर
चित्रातून वजा करायला.
मग एकशे बारा फ्रेम एकावर एक रचल्या.
संगणकाचा न्याय सरळ:
पुन्हा पुन्हा आलं ते खरं,
एकदाच आलं ते खोटं.
उपग्रहांच्या रेघा, एक उल्का,
आणि त्र्याहत्तर नंबरची फ्रेम, अख्खी.
बाद.

"चार रात्री जागून काय उजेड पाडलास?"
बहीण सॅनाचा प्रश्न.
दाखवलं. दोन पिवळट गाभे, गुलाबी ठिणग्या, मिशा.
"बरंय," म्हणाली. "जरा तिरकं आलंय."

लेनीमावशीसाठी मोठी प्रत काढली, काच लावून.
तिने निरखली, भिंतीला टेकवली,
हात पुसले आणि विचारलं,
"त्या रात्रीचा नाहीये का?"
मागे कुणीतरी नळ ठोकत होतं,
चुकीच्या पान्याने, आवाजावरून कळतं.

घरी येऊन कचऱ्यातून त्र्याहत्तर उपसली.
डावीकडून सांडलेला पांढरा झोत.
दीर्घिका कुठेच नाहीत.
कोपऱ्यात तीन तारे, कसेबसे.

तीच आता तिच्या चुलीवरच्या भिंतीवर आहे.
काचेतलं चित्र कुठे ठेवलंय, मी विचारलं नाही.
मेंढवाड्यावरचा दिवा
अजून बंदच असतो.